खडक चढणारी गाडी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरी एक पेटी आली. ती उघडून तीतील वस्तू मी मेजावर मांडल्या, तेव्हा क्रमांक घातलेल्या पंधरावीस लहान पिशव्या, दोन लांब पोलादी पट्ट्या, चार रबरी टायर आणि नुसत्या चित्रांची एक पातळ पुस्तिका, एवढाच ऐवज बाहेर आला. माझा बारा वर्षांचा पुतण्या काही वेळ त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, पण यात गाडी कुठे आहे?" प्रश्न रास्त होता. गाडी अद्याप व्हावयाची होती, आणि ती आम्हा दोघांनाच करावयाची होती.

जिला इंग्रजीत ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात, म्हणजे खडकांवरून सरपटत जाणारी, त्या जातीची ही रेडिओच्या लहरींनी चालणारी छोटी गाडी. खऱ्या गाडीच्या सुमारे दशांश आकाराची. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ३१३ मिलिमीटर, म्हणजे फुटाहून किंचित अधिक. हातातल्या यंत्रावरून तिला आज्ञा द्यावयाची आणि दगडधोंड्यांवरून तिला चढवावयाचे, हा खेळ. अशा प्रकारची बहुतेक खेळणी लोक वेगासाठी घेतात. हिची रीत उलटी आहे. धावणे हे हिचे कामच नव्हे. चालविणारा हिच्या बाजूने सावकाश पावले टाकीत जातो, आणि तरीही त्याला मध्ये मध्ये थांबून हिची वाट पाहावी लागते. एखादी वस्तू मुद्दाम मंद करण्यासाठी माणसांनी इतकी बुद्धी का खर्चावी, याचे मला कोडे पडले; आणि ते सोडविण्याच्या नादात जो इतिहास हाती लागला, तो आज आपणांपुढे ठेवीत आहे.

वाहनाला स्पर्श न करता त्याला आज्ञा देण्याचा पहिला गाजलेला प्रयोग पाण्यावर झाला. सन १८९८ मध्ये न्यूयॉर्क शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे विजेच्या उपकरणांचे प्रदर्शन भरले होते. तेथे निकोला टेस्ला याने पाण्याच्या एका हौदात लोखंडी नाव सोडली. नावेला दोरी नव्हती, तार नव्हती. टेस्ला दूर उभा राहून कळ फिरवी आणि नाव वळे, थांबे, तिच्यावरील दिवे उघडझाप करीत. बिनतारी लहरींचे सामर्थ्य आपल्या देशात त्याच्या तीनचार वर्षे आधीच दिसले होते. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींआडून लहरी पाठवून घंटा वाजविली होती आणि बंदुकीची दारू पेटविली होती. परंतु घंटा वाजविणे ही एकच आज्ञा झाली. डावीकडे जा, उजवीकडे जा, थांब, असे दूरच्या वस्तूस निरनिराळे सांगणे ही पुढची पायरी होती, आणि ती टेस्लाच्या नावेने ओलांडली.

मात्र ही नाव आतून पाहिली तर तिची समज किती तोकडी होती हे कळते. तिच्या पोटात धातूचा कीस भरलेली एक नळी असे. लहर येऊन पोचली की कीसाचे कण एकमेकांस चिकटत आणि वीज वाहू लागे. मग ती नळी उलटवून कण पुन्हा मोकळे करावे लागत. प्रत्येक लहरीसरशी आतली एक चकती एक घर पुढे सरके. पहिल्या घरी सुकाणू डावीकडे, पुढच्या घरी सरळ, त्यापुढच्या घरी उजवीकडे, असा काहीसा क्रम. म्हणजे नावेला खरोखर एकच शब्द कळे, तो म्हणजे ‘पुढचे’. दिनांक ८ नोव्हेंबर १८९८ रोजी टेस्लाला मिळालेल्या ६,१३,८०९ क्रमांकाच्या पेटंटाच्या मथळ्यात नावांच्या जोडीला ‘वाहने’ हाही शब्द आहे. जमिनीवरील वाहनाचा प्रयोग थोड्याच वर्षांत स्पेनमधील लिओनार्दो तोर्रेस केवेदो याने केला. त्याने आपल्या ‘टेलेकिनो’ नावाच्या यंत्राने एक तीनचाकी गाडी चालवून दाखविली, आणि १९०६ मध्ये बिल्बाओच्या बंदरात स्वतः राजासमक्ष नाव चालविली.

यानंतरची तीस-चाळीस वर्षे मी लवकर ओलांडतो. काचेचे व्हॉल्व्ह आणि जड बॅटऱ्या यांचे ओझे खेळण्याला पेलणारे नव्हते. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३७ मध्ये रेडिओने चालणारे छोटे विमान उडविले, ही त्या काळातील ठळक गोष्ट. त्यानंतरच्या हौशी लोकांची साधने कशी होती, तर पिळलेल्या रबराच्या पट्टीच्या जोरावर सुकाणू हलावयाचे. कळ एकदा दाबली की ते पूर्ण डावीकडे, पुन्हा दाबली की पूर्ण उजवीकडे. अर्धे, पाव असे काही नाही. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला, यंत्रे हलकी झाली, आणि १९६०च्या दशकात प्रमाणशीर नियंत्रण हौशी लोकांच्या हाती आले. बोटाने दांडी जितकी हलवावी तितकेच चाक वळावे, ही ती सुधारणा. मला विचाराल तर आमच्या गाडीच्या वंशावळीत हिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. ‘धाव’ आणि ‘थांब’ एवढ्याच दोन आज्ञा ज्याला कळतात, त्याला वेगाने जाता येते, परंतु हळू जाता येत नाही. हळू जाण्यासाठी आज्ञेचा शतांश समजावा लागतो.

आता दुसऱ्या बाजूस वळू. रेडिओ झाला, पण गाडी सुट्या भागांतून घरी जोडावयाची, ही चाल कोठून आली? येथे लिव्हरपूल शहरातील फ्रँक हॉर्नबी या कारकुनाचे नाव घ्यावयास हवे. आपल्या मुलांसाठी त्याने समान अंतरावर भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या केल्या, म्हणजे एकाच पट्टीचा आज पूल व्हावा आणि उद्या क्रेन. याचे पेटंट त्याने १९०१ मध्ये घेतले, आणि पुढे हाच खेळ ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेला. आपल्याकडील पुष्कळ घरांत आजोबांच्या वेळची हिरव्या-तांबड्या पट्ट्यांची एखादी पेटी अजून माळ्यावर सापडेल. जपानात शिझुओका येथे तामिया यांचा लाकूड कापण्याचा कारखाना १९४६ पासून होता. तेथून ते लाकडी नमुन्यांकडे व मग प्लास्टिकच्या नमुन्यांकडे वळले, आणि १९७६ मध्ये त्यांनी पोर्शे ९३४ या शर्यतीच्या मोटारीची, रेडिओने चालणारी, घरी जोडावयाची प्रतिकृती बाजारात आणली. त्या कामासाठी त्यांनी खरी पोर्शे मोटार विकत घेऊन तिचे भाग सुटे केले होते. पेटीतून निघालेले भाग जोडून धावती गाडी करण्याचा छंद घरोघर पोचला तो येथून.

ज्या गाडीचा नमुना खडकाळ वाटांसाठी घेतला गेला, ती अर्थात जीप. १९४० मध्ये अमेरिकन लष्करासाठी अत्यंत घाईने तिचा आराखडा झाला आणि १९४१ पासून ती मोठ्या संख्येने निघू लागली. चारी चाकांना शक्ती आणि वेग आणखी निम्म्यावर आणणारी दंतचक्रांची एक जादा जोडी, हे तिचे मर्म. हिच्या बाबतीत एक गोष्ट मुंबईकरांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्वातंत्र्यानंतर अवघ्या दोनतीन वर्षांत माझगावला जीप तयार होऊ लागल्या, त्या परदेशाहून आलेल्या सुट्या भागांच्या पेट्या उघडून, जोडून. खरी जीपदेखील आपल्याकडे प्रथम ‘किट’ म्हणूनच अवतरली! अमेरिकेत युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या जीप हौशी लोकांनी घेतल्या आणि १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील जॉर्जटाउन गावाहून रुबिकॉन नावाच्या वाटेने, सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून, टाहो सरोवराकडे पहिली मोठी जीपयात्रा निघाली. ती वाट म्हणजे पुष्कळ ठिकाणी नुसता धोंड्यांचा ओढा. तेथे वेग घेणाऱ्याची गाडी फुटते आणि जो इंचाइंचाने चाक ठेवतो तो पार होतो. मंदपणाची विद्या तेथे शिकली गेली.

रेडिओवर चालणाऱ्या गाड्या खडकावर कशा आल्या, हा भाग मला सर्वांत मनोरंजक वाटतो. कारण तो कारखान्यांनी घडविला नाही. तामियाने १९८७ मध्ये ‘क्लॉड बस्टर’ नावाचा एक अवाढव्य चाकांचा ट्रक काढला होता. त्याला दोन मोटारी होत्या, एक पुढच्या आसावर आणि एक मागच्या. आणि चारही चाके वळत. खडकावर चढण्याचा त्याचा मुळीच उद्देश नव्हता. परंतु काही हौशी लोकांच्या ध्यानात आले की मोटार आसावरच बसविलेली असली तर मधल्या दांड्याच्या पिळाने गाडी एका अंगावर कलत नाही. त्यांनी त्या ट्रकाचे आस तेवढे ठेवले, बाकी सर्व फेकून दिले, ॲल्युमिनियमचे पत्रे कानशीने घासून नवे सांगाडे केले, आणि चाकांत शिसे भरून ती जड केली. मग त्यांनी डिफरन्शियलला हात घातला. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर जाते म्हणून प्रत्येक मोटारीत दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणारी ही दंतचक्रांची योजना असते. तिचा दोष असा की एक चाक अधांतरी लटकले तर सारी शक्ती त्याच रिकाम्या चाकाकडे पळते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. या मंडळींनी ती नाजूक योजना सरळ इपॉक्सीने चिकटवून बंद केली. शहाण्या यंत्रज्ञाने कपाळाला हात लावावा असे काम. पण गाडी खडक चढू लागली.

मोटारीच्या बाबतीतही तीच तऱ्हा. अशा मोटारीची जात तिच्यावरील तारेच्या वेढ्यांवरून ओळखतात. वेढे थोडे तर मोटार चपळ. वेढे पुष्कळ तर ती सावकाश, पण नेटाची. शर्यतवाले कमी वेढ्यांच्या मोटारीमागे धावत असता या लोकांनी ३५, ५५, अगदी ८० वेढ्यांच्या मोटारी शोधल्या आणि दंतचक्रांची योजना अशी केली की मोटारीच्या तीसचाळीस फेऱ्या व्हाव्या तेव्हा चाकाची एक. कॅलिफोर्नियातील ॲक्सियल या कंपनीने २००७ च्या सुमारास एएक्स१० हा मुद्दाम खडकांसाठी रचलेला संच आणला, तोवर हौशी लोकांनी सर्व तत्त्वे घरच्या मेजावर सिद्ध करून ठेवली होती. २०१७ मध्ये ट्रॅक्सासची टीआरएक्स-४ आली. तिच्यात चाकापाशीच जादा दंतचक्रे घालून आस जमिनीपासून उंच उचलला आहे. जर्मन उनिमोग ट्रकाची ही जुनी युक्ती. आणि आज चीनमधून जे स्वल्पमोली संच येतात, त्यांतील बहुतेकांची घडण या पहिल्या गाजलेल्या गाड्यांच्याच वळणावर गेलेली असते. याला अनुकरण म्हणावे की उचलेगिरी, याविषयी माझे मन अजून निश्चिंत नाही. परंतु आमची पेटी त्यांपैकीच होती हे कबूल केले पाहिजे.

मंदपणाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. पृथ्वीवरून रेडिओने चालविलेली पहिली गाडी चंद्रावर उतरली ती १७ नोव्हेंबर १९७० रोजी. रशियाची आठ चाकांची लुनोखोद. तिचे चालक पृथ्वीवर बसलेले. आज्ञा चंद्रापर्यंत जावयास सव्वा सेकंदाहून अधिक लागे आणि चित्र परत यावयास तितकाच वेळ. तेव्हा घाई करणे म्हणजे खड्ड्यात जाणे. तरी ती सुमारे साडेदहा किलोमीटर चालली. आपले ‘प्रज्ञान’ २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर पोचले, त्याची गती सेकंदास एक सेंटिमीटर. हे सांगितल्यापासून माझ्या पुतण्याने गाडी हळू चालते ही तक्रार सोडून दिली.

आता आमच्या मेजाकडे. संच स्वस्त होता खरा, परंतु त्यात मोटार, बॅटरी, रेडिओ यांपैकी काहीच नव्हते. आणि या बाकीच्या सामग्रीस संचाइतकाच पैसा लागतो, हे पुस्तिकेत लिहिलेले नसते. रेडिओची चिंता आता राहिलेली नाही. पूर्वी दोघांच्या यंत्रांत एकाच लहरीचा स्फटिक आला तर एकाची गाडी दुसऱ्याच्या आज्ञेत जाई. आजचे साधे यंत्रही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी बदलीत बोलते. लहरी बदलीत संदेश पाठविण्याचे एक पेटंट १९४२ मध्ये हेडी लामार ही चित्रपटनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी घेतले होते, आणि त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ लहरी होत्या. आजची यंत्रे थेट त्यातूनच निघाली असे मात्र मी म्हणणार नाही.

जोडणीस अकरा संध्याकाळी लागल्या. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात हाताला जड लागतो, तेथेच थांबावयाचे. आणखी एक पीळ दिला की आटे गेले. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळ्या द्रवाचा थेंब द्यावयाचा, नाही तर गाडीच्या थरथरीने तो आपोआप बाहेर येतो. आसातील दंतचक्रे कारखान्यातून कोरडी आली होती, म्हणून उघडून ग्रीस भरले. एका संध्याकाळी आम्ही मागचा आस उलटा बसविला आणि गाडीची पुढची चाके पुढे व मागची मागे जाऊ लागली. हसून पोट दुखले, पण शक्ती कोणत्या वाटेने जाते हे त्या दिवशी पोरास जे समजले ते कोणत्याही आकृतीने समजले नसते.

काटकसर मी केली ती नेमकी चुकीच्या जागी. चाके वळविणारी जी लहान पेटी, जिला सर्व्हो म्हणतात, ती मी बाजारातील सर्वांत स्वस्त घेतली. पहिल्याच दगडाशी चाक अडले आणि तिच्यातील प्लास्टिकचे दाते कडकड करून गळून पडले. साध्या धावत्या गाडीला जो सर्व्हो पुरतो, तो येथे कुचकामाचा. येथे चाक दोन दगडांच्या खोबणीत रुतलेले असते आणि तेथेच त्याला वळावयाचे असते. मग धातूच्या दात्यांचा, सेंटिमीटरवर २५ किलोचा जोर देणारा सर्व्हो घेतला. तो संचाच्या किंमतीच्या मानाने महाग वाटला, आणि त्याने नवेच संकट आणले. गाडी ऐन चढावर एकाएकी निपचित पडे, ग्राहकयंत्रावरील दिवा विझे आणि दोन सेकंदांनी पुन्हा जिवंत होई. मी मोटार तपासली, बॅटरी बदलली, तारा उलगडून पुन्हा डाख दिला. आठ दिवस गेले. मला वाटू लागले की स्वस्ताचा सोस नडला, आणि मी पेटी बांधून ठेवण्याच्या बेतास आलो.

तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, ती सरळ चढताना कधीच मरत नाही. चाक वळवायला गेलो आणि दगड आडवा आला, की मग मरते." इतके दिवस मी यंत्र पाहत होतो आणि तो गाडी पाहत होता. कारण त्यातच होते. सर्व्हो अडला की तो एकदम पुष्कळ वीज ओढतो. सर्व्होला आणि ग्राहकयंत्राला वीज पुरविणारा भाग एकच आणि दुबळा. दाब खाली गेला की ग्राहकयंत्राची शुद्ध हरपते. सर्व्होला थेट बॅटरीपासून, पण दाब उतरविणाऱ्या एका वेगळ्या लहान पेटीतून वीज दिली, आणि दुखणे संपले. ती पेटी अंगठ्याएवढी असते.

बाकीचे पैशाचे नव्हते, वजनाचे होते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापून केलेली सुरेख टपावजा काया पहिल्याच चढावर गाडीला घेऊन उलटली, ती काढली. बॅटरी मागून काढून पुढच्या आसाजवळ आणली. मोटारीच्या चाकांचा तोल साधण्यासाठी टायरवाल्याकडे ज्या चिकटणाऱ्या वजनपट्ट्या मिळतात, त्या पुढच्या दोन चाकांच्या आत लावल्या. गाडी जड झाली आणि चढू लागली. हे ऐकावयास विपरीत वाटते, पण चढावर पुढचे अंग उचलले जाऊ नये हीच तेथे खरी चिंता असते.

पुण्यात वेताळ टेकडीवर जुन्या दगडखाणीच्या काठी काळ्या पत्थराचे धोंडे पडलेले आहेत. त्यांपैकी एक, माझ्या गुडघ्याइतका उंच, पुतण्याने आधीच हेरून ठेवला होता. पहिल्या दोन खेपांस गाडी मागे कोसळली. तिसऱ्या खेपेस त्याने ती तिरपी नेली. पुढचे उजवे चाक एका कपारीत ठेवले आणि बोट काढून घेतले. गाडी त्या चढावर, ब्रेक लागल्यासारखी, होती तेथे थांबून राहिली. तो खाली बसला, चाकाखाली डोकावून पाहिले, आणि मग दांडी अगदी केसभर पुढे केली. मागचे चाक रेव उडवीत दोनदा घसरले, तिसऱ्यांदा धरले. मी घड्याळ लावले नव्हते, पण त्या गुडघाभर धोंड्यास आठदहा मिनिटे लागली असतील. गाडी माथ्यावर गेली तेव्हा आमच्यामागे फिरावयास आलेली चार माणसे उभी होती, हे आम्हांला नंतर कळले.

उतरताना बॅटरी संपली, म्हणून त्याने गाडी उचलून घेतली. घरी आल्यावर पाहिले तो पुढच्या डाव्या चाकाची चाकी वाटेत कोठे तरी पडली होती. दुसरी विकत मिळते; पण त्याचे म्हणणे पडले की ती शोधावयाची. दुसऱ्या दिवशी उन्हे चढण्यापूर्वी आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो.